उलट्या सीटची सायकल

छपरी

प्रफुल्लनं स्पीकर लावलेला मोबाइल वडिलांच्या उजव्या कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं उशीवरची माशी हाकलली.

“बोल ताई. ऐकून राहिले बाबा.”

“बाबा,” मोबाइलमधून रश्मीचा आवाज आला. “बाबा, मी रश्मी. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट भेटलं मले. उद्या नागपूर, तिथून सरळ दवनीवाडा. ऐकू येते ना बाबा?”

यादोरावांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तोंडाची डावी बाजू ओघळलेली होती, डोळे अर्धवट मिटलेले. छाती तेवढी वर जात होती, आता थांबलीच असं वाटेपर्यंत थांबत होती आणि मग खाली येत होती.

खाट आतल्या खोलीतून दारापुढच्या छपरीत आणली होती, कारण मोबाइलची रेंज अख्ख्या घरात फक्त छपरीच्या त्या एका कोपऱ्यात यायची. कोपऱ्यात आधीपासून एक सायकल उभी होती. ती हलवावी का, असं प्रफुल्लनं विचारल्यावर त्याच्या आई अंजनाबाई म्हणाल्या होत्या, “तिले राहू दे तिथंच. खाट बाजूनं लागते.” म्हणून आता यादोरावांच्या डोक्याशी सायकल होती. यादोरावांच्या किरायाच्या सायकलींच्या दुकानातली ती शेवटची. बाकीच्या भंगारात गेल्या होत्या. हिची सीट उलटी फिरवलेली होती, टोक मागच्या चाकाकडे.

गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, “घर ले जाओ. सेवा करो.” त्याचा अर्थ गाडीच्या ड्रायव्हरलाही कळला असावा. येताना सबंध रस्त्यात त्यानं हॉर्न वाजवला नाही.

छपरीच्या पायरीवर दुलीचंद बसला होता. यादोरावांचा जुना सोबती. गावातल्या निम्म्या माणसांसारखा तोही याच दुकानात सायकल शिकला होता, आणि सगळ्यांत वाईट आपणच शिकलो हे तो अभिमानानं सांगायचा.

“बोलू दे तिले,” तो म्हणाला. “कान शाबूत आहे गड्याचा. बाकी तर तो कधी कामाचा नव्हताच.”

अंजनाबाई हसल्या नाहीत. पण नवऱ्याच्या ओठाच्या कडेची लाळ पदरानं टिपताना त्यांचा हात जरा सैल झाला.

रश्मी बोलत राहिली. तिकडे थंडी आहे म्हणाली. आपण बरोबर जेवतो म्हणाली. विमान कुठे बदलायचं ते सांगितलं. मग तेच पुन्हा सांगितलं. मग तिच्याजवळचं बोलणं संपलं आणि मोबाइलमधून नुसता तिचा श्वास येऊ लागला. इकडे यादोरावांचा श्वास, तिकडे तिचा. आणि तेवढ्यात तिच्या मागं कुठंतरी

रस्ता

एक सायकलची घंटी वाजली.

रश्मीनं वळून पाहिलं तोवर कोट घातलेला माणूस चौकातून पुढे गेलाही होता. रस्त्यावर मोठाली तपकिरी पानं पडली होती, त्यांच्यावरून त्याच्या चाकांचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

“ते का वाजलं?” प्रफुल्ल मोबाइलमध्ये ओरडत होता. “ताई, ते का वाजलं आता?”

“सायकल गेली एक. काऊन?”

“बाबांचं बोट हललं.”

“काय?”

“बोट, ताई. उजव्या हाताचं. घरी आणल्यापासून पहिल्यांदा. पुन्हा वाजव.”

“माझी नाही रे ती. कोण्या माणसाची होती.”

“मंग त्याले बलाव.”

मागून दुलीचंदचा आवाज आला. “त्याले म्हणा, यादोरावनं बलावलं. नाई म्हणत नाही तो.”

रश्मी हसली, आणि हसताना तिला आपण रडतो आहोत हे कळलं. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि रस्त्यापलीकडे पाहिलं.

पलीकडे सायकली होत्या. ओळीनं लोखंडी खुंटे आणि एकेका खुंट्याला एकेक सायकल अडकवलेली, गोठ्यात बैल बांधावेत तशी. या फ्रान्समधल्या शहरात, लिऑनमध्ये, ती तीन महिन्यांसाठी आली होती, भातावरच्या करपा रोगावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत. आल्यापासून रोज ती या सायकलींच्या शेजारून पायी जात होती. एकदा तिनं फोनवर वडिलांना त्यांच्याबद्दल सांगितलंही होतं. तेव्हा ते धड होते.

“सरकारी किरायाच्या सायकली आहेत बाबा. अख्ख्या शहरात. कुठूनही घ्या, कुठंही सोडा.”

“मालक कुठं बसते?”

“कोणी बसत नाही.”

“मंग जमा कोण करून घेते?”

“खुंट्याले लावली की दिवा लागते. झाली जमा.”

यादोराव मग म्हणाले, “दिवा का पाहते, गाडीले काय झालं ते?”

ती हसली होती तेव्हा. आता तिनं रस्ता ओलांडला.

“प्रफुल्ल, फोन ठेवू नको. बाबाच्या कानाशीच धर. मी सायकल घेऊन राहिली.”

छपरी

दुकानात गाडी परत आली की गिऱ्हाईक रस्त्यावरूनच ओरडायचं, “गाडी जमा, यादोराव!”

यादोराव उठायचे. गाडीचं मागचं चाक एका हातानं उचलायचे, दुसऱ्या हातानं पॅडल फिरवून सोडून द्यायचे. चाक भिरभिरायचं. यादोराव गाडीकडे पाहायचे नाहीत, मान तिरपी करून रस्त्याकडे पाहायचे आणि ऐकायचे. चाक थांबेपर्यंत. मग म्हणायचे, “जमा.”

तोवर गिऱ्हाईक हलायचं नाही. तहसीलदाराच्या ऑफिसातला शिपाई असो की धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी आलेला मजूर, “जमा” ऐकल्याशिवाय कोणी पाऊल उचललं नाही. तसा काही नियम लिहिलेला नव्हता. ऐकल्याशिवाय सुटल्यासारखं वाटायचं नाही, एवढंच.

आता छपरीत तेच कान मोबाइलजवळ होते आणि मोबाइलमध्ये एक यंत्र टुक टुक वाजत होतं.

“का करून राहिली ती?” अंजनाबाईंनी विचारलं.

“मशीनवर नाव गाव टाकून राहिली असंल.”

“तिथं कोण ओळखते तिले?”

रस्ता

यंत्राच्या पडद्यावर आधी झेंडे आले.

तिनं इंग्रजीचा झेंडा दाबला.

तुम्ही नियमित सदस्य आहात का? नाही.

तुम्ही पाहुणे आहात का? होय.

अटी मान्य आहेत का? अटी लांबच लांब होत्या. होय. होय. होय.

हमी म्हणून कार्ड सरकवा.

परगावच्या माणसाला यादोराव एकच विचारायचे, “ओळख कोणाची?” त्यानं गावातलं एखादं नाव सांगितलं की गाडी मिळायची. नाव कोणाचंही चालायचं. एकदा एकानं नाव सांगितलं ते गावातल्या गेलेल्या म्हाताऱ्याचं होतं. यादोरावांनी त्यालाही गाडी दिली. म्हणाले, “मेला म्हणून ओळख का मरते?”

प्रयोगशाळेनं दिलेलं कार्ड तिनं खाचेत घातलं. यंत्रानं ते परत दिलं. तिनं पुन्हा घातलं.

“ताई?”

“थांब, प्रफुल्ल. थांब जरासा.”

यंत्र विचारात पडल्यासारखं थांबलं. मग त्यानं एक कागद बाहेर काढला, आणि पडद्यावर विचारलं, कोणती सायकल?

रश्मीनं ओळीवरून नजर फिरवली. सगळ्या सारख्याच. तोच राखाडी रंग, त्याच टोपल्या. आणि मधेच एकीची सीट उलटी होती. टोक मागच्या चाकाकडे.

तिचा हात खुंट्यापाशी आपोआप गेला.

आठवीपासून ती सायकलनं शाळेत जायची. सकाळी दुकानासमोर गर्दी व्हायची. सगळ्या सायकली काळ्या, सगळ्या सारख्या, ज्याच्या हाताला जी लागेल ती तो घेऊन जायचा. म्हणून यादोराव उजाडताच सगळ्यांत चांगल्या गाडीची सीट उलटी फिरवून ठेवायचे. उलटी सीट म्हणजे ही किरायानं द्यायची नाही. ही रश्मीची. गावभर सगळ्यांना ते ठाऊक होतं. ती दप्तर घेऊन बाहेर यायची, सीटवर हाताचा एक गुद्दा मारून ती सरळ करायची आणि निघायची. परत आल्यावर पुन्हा उलटी करायची. ती शिकायला नागपूरला गेली त्या दिवशी यादोरावांनी उलटी केली, ती तशीच राहिली होती.

उलट्या सीटच्या सायकलीचा आकडा तिनं यंत्रावर दाबला.

खुंट्यानं सायकल सोडली. शेजारी उभी असलेली एक म्हातारी बाई तिच्याकडे पाहून हात हलवायला लागली. काहीतरी भराभर बोलली, सीटकडे बोट दाखवलं, जीभ टाळूला लावून च्च च्च केलं. रश्मीला तिच्या भाषेतलं ‘नको’ एवढंच कळलं. कशाला नको ते कळलं नाही. ती म्हातारीकडे पाहून हसली, सीटची कळ सैल करून सीट सरळ केली, मोबाइल स्पीकरवर टाकून समोरच्या टोपलीत स्वेटरच्या घडीवर ठेवला आणि

छपरी

कट.

प्रफुल्लनं मोबाइल कानापासून थोडा दूर धरला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

कट. कट. कट.

“का वाजून राहिलं हे?” दुलीचंद पायरीवरून उठून आला.

“बाबा!” रश्मीचा आवाज वाऱ्यात फाटत होता. “बाबा, सायकलवर आहे मी! पण ही बिघडलेली भेटली. पॅडल वाजून राहिलं. इथं उलटी सीट म्हणजे बिघडलेली गाडी, आता समजलं मले. ती बुढी तेच सांगून राहिली होती. मागून येणाऱ्याले समजावं म्हणून उलटी करून ठेवतात. मी समजली की…” ती थांबली. “थांबा, वापस जाऊन दुसरी घेते.”

“नको!” प्रफुल्ल ओरडला. “ताई, नको! बदलू नको!”

यादोरावांचं उजव्या हाताचं पहिलं बोट खाटेच्या कडेच्या लाकडी पाटीवर टेकलेलं होतं. कट झालं की ते उचललं जायचं. फार नाही. भाताच्या लोंबीवर किडा बसला तर ती हलेल तेवढं.

“बोट हलून राहिलं, ताई. आवाजासंगं हलून राहिलं.”

दुलीचंद खाटेजवळ उकिडवा बसला आणि यादोरावांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, “पाह्य गड्या. फॉरेनच्या गाडीचंही पॅडल वाजते. उगा माझ्यावर डाफरत होता तू.”

अंजनाबाईंनी यादोरावांच्या छातीवर हात ठेवला. त्या सबंध संसारात दुकानात कधी बसल्या नव्हत्या. दुकान त्यांचं नव्हतं. आवाजातलं त्यांना काही समजायचं नाही. त्यांनी नुसतं बोटाकडे पाहिलं आणि मोबाइलला म्हणाल्या, “चालव बाई. तीच चालव.”

रस्ता

तिनं तीच चालवली.

नदीकाठचा रस्ता सरळ होता. उजव्या हाताला पाणी, त्यावर नांगरलेल्या होड्या, डाव्या हाताला भिंत. लोक शांतपणे तिच्या पुढे निघून जात होते. त्यांच्या सायकली वाजत नव्हत्या. चांगली सायकल घेतली असती तर बाबांना काय ऐकू गेलं असतं, असं तिच्या मनात आलं. नुसता वारा.

“बाबा, इथं नदी आहे,” ती टोपलीकडे वाकून बोलत होती. “आपल्या वैनगंगेवाणी नाही. हिले काठ बांधून टाकला. रेती नाही, काहीच नाही. बाबा, मी सायकल शिकली तेव्हा तुम्ही मागून सीट धरली होती ना? मी म्हणत होती, सोडू नका, सोडू नका. आणि तुम्ही म्हणत होते, धरली आहे, धरली आहे. आणि आवाज दुरून येऊन राहिला होता तुमचा.”

पॅडल आता जास्त ढिलं लागत होतं. पाय खाली जाताना एकदा अडायचा, मग सुटायचा. पुढच्या थांब्यावर सोडावी लागेल, तिनं ठरवलं. तोवर पुरेल.

“ऐकून राहिले ना, प्रफुल्ल?”

“ऐकून राहिले.”

कट. कट.

छपरी

कट.

छाती वर गेली. खाली आली.

कट. कट.

अंजनाबाईंचा हात छातीवर तसाच होता.

कट.

त्यांनी हात उचलला नाही. आणखी थोडा दाबला.

कट. कट. कट.

प्रफुल्लच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण आवाज चालू होता आणि तो आवाजच ऐकत होता. मग त्यानं बोटाकडे पाहिलं. बोट पाटीवर टेकलेलं होतं. आवाज येत होता आणि बोट टेकलेलंच होतं.

“माय,” तो म्हणाला.

अंजनाबाईंनी मान हलवली.

धान कापणी सोडून आलेली शेजारची प्रेमिला खांबाला टेकून उभी होती. तिच्या हातात अजून विळा होता. तिनं खाटेकडे पाहिलं, अंजनाबाईंकडे पाहिलं, आणि तिचं तोंड उघडलं.

“रडू नको,” अंजनाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “पोरगी गाडीवर आहे.”

प्रेमिलानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते. विळा तिनं हळूच जमिनीवर ठेवला, वाजणार नाही असा.

दुलीचंद उठला. फाटकाशी गेला. बांधीवरून आणखी बाया येताना दिसत होत्या, बोलत, लगबगीनं. दुलीचंदनं फाटकात दोन्ही हात आडवे पसरले आणि ओठांवर बोट ठेवता येईना म्हणून नुसती मान हलवत राहिला. बाया रस्त्यातच थांबल्या. त्यांना कळलं. त्या तिथंच मातीत खाली बसल्या, आणि रडण्याची सगळी तयारी असलेली माणसं न रडता बसून राहिली.

छपरीत फक्त लिऑनच्या रस्त्यावरची सायकल वाजत होती.

रस्ता

थांबा आला. पुलाच्या तोंडाशी खुंट्यांची ओळ होती. रश्मी उतरली आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल ढकलत गेली.

“बाबा, इथं जागाच नाही. सगळे खुंटे भरले.”

असं होऊ शकतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी परत आणावी आणि ठेवायला जागा नसावी, हे दुकानात कधी घडलं नव्हतं. सगळ्या गाड्या परत आल्या तर यादोराव त्या रस्त्यावर, नालीवर, शेजाऱ्याच्या ओट्यावर लावायचे. प्रयोगशाळेतल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं, कुठंही सोडा. ‘कुठंही’ म्हणजे रिकाम्या खुंट्याला.

“नकाशात दिसून राहिला दुसरा. पुलापलीकडे आहे. जाऊ का, प्रफुल्ल?”

मोबाइलमधून काही आलं नाही.

“प्रफुल्ल? बाबाचं बोट?”

छपरी

प्रफुल्लनं मोबाइल आईकडे केला, हात लांब करून, चेहरा भिंतीकडे.

अंजनाबाईंनी मोबाइल घेतला. क्षणभर तो कसा धरायचा हेच त्यांना समजेना. मग त्यांनी तो उशीवर ठेवला, यादोरावांच्या कानाजवळ, जिथं तो इतका वेळ होता. दुसऱ्या हातानं यादोरावांचं ते बोट धरलं. अजून गरम होतं. त्यांनी बोट पाटीवरून उचललं आणि पुन्हा पाटीवर टेकवलं.

“हललं,” त्या म्हणाल्या.

“माय, तू आहेस का? प्रफुल्ल कुठं गेला?”

“पाणी आणाले गेला.”

“मी पलीकडे जाऊन गाडी जमा करते. मग घरी बसून बोलते नीट. बाबाले सांग.”

“सांगते. पुढं पाहून चालव. गाड्या असतीन तिथं.”

“असतीन काय माय. आहेत. लय आहेत.”

“मंग हळू जा,” अंजनाबाई म्हणाल्या. “घाई नाही आता.”

रस्ता

पुलावर वारा होता. अर्ध्या पुलावर पॅडल निखळून पडलं आणि रस्त्यावर घरंगळत कठड्याला जाऊन लागलं.

आवाज बंद झाला.

रश्मी उतरली. पॅडल उचलून तिनं टोपलीत मोबाइलशेजारी ठेवलं. “पॅडल निघालं, बाबा,” ती म्हणाली. “आता पायीच येते. घंटी वाजवत येते. ऐका.”

ती चालू लागली. थोडं चालून घंटी वाजवायची. पुन्हा थोडं चालून घंटी. समोरून येणारे लोक बाजूला होत होते, त्यांना वाटायचं घंटी त्यांच्यासाठी आहे. ती मानेनंच नाही म्हणायची.

मोबाइलमधून काहीच येत नव्हतं. कोणी खोकत नव्हतं, भांडं वाजत नव्हतं, दुलीचंदकाका काही टोचून बोलत नव्हते. घरात एवढी माणसं असताना एवढं शांत. सगळे ऐकून राहिले, तिनं मनाशी म्हटलं. बाबांसाठी गप्प बसले. मग तिनं त्यावर पुढे काही म्हटलं नाही. घंटी वाजवली.

छपरी

ट्रिंग.

रस्ता

पलीकडे एक खुंटा रिकामा होता. एकच. तिनं सायकल त्यात ढकलली. खट्ट झालं, यंत्र दोनदा वाजलं आणि हिरवा दिवा लागला.

तिनं टोपलीतून मोबाइल उचलला. स्पीकर बंद केला आणि मोबाइल कानाला लावला.

“बाबा,” ती म्हणाली. “गाडी जमा.”

छपरी

सगळ्यांनी उशीवरच्या मोबाइलकडे पाहिलं. प्रफुल्ल भिंतीकडून वळला. फाटकातून दुलीचंदनं मान फिरवली. त्याचे हात अजून पसरलेलेच होते.

कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते कोणाचंच काम नव्हतं.

अंजनाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, खाटेच्या आधारानं. उशीवरचा मोबाइल घेतला आणि डोक्याशी उभ्या असलेल्या सायकलीजवळ गेल्या. मोबाइल सायकलीच्या कॅरिअरवर ठेवला. मग वाकून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी एका हातानं मागचं चाक उचललं. ते त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. दुसऱ्या हातानं पॅडल फिरवलं आणि

रस्ता

चाक भिरभिरल्याचा आवाज रश्मीच्या कानात आला.

टिकटिकटिकटिक. तिनं डोळे मिटले. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ते चाकही ओळखीचं होतं, त्यातली एक तार थोडी सैल होती आणि प्रत्येक फेरीत एकदा चिमट्याला घासायची. बाबा उठले, असं तिला वाटलं. एक क्षणभर खरंच वाटलं. बाबा उठून बसले.

आवाज हळू झाला. आणखी हळू. टिक. टिक.

टिक.

मग आईचा आवाज आला.

“जमा.”

आणि त्याच्या मागून आधी एका बाईचं, मग दुसऱ्या, मग साऱ्या रस्त्याचं रडणं आलं, बांध फुटून पाणी शेतात शिरावं तसं. त्यात आईचा आवाज नव्हता. प्रफुल्ल “ताई, ताई” म्हणत होता.

रश्मीनं मोबाइल कानापासून काढला नाही. पुलाखालून एक लांबट होडी गेली. झाडाचं एक पान येऊन सायकलीच्या टोपलीत पडलं, निखळलेल्या पॅडलवर.

थोड्या वेळानं तिनं मोकळ्या हातानं सीटची कळ सैल केली. सीट धरून अर्धी फिरवली, टोक मागच्या चाकाकडे, आणि कळ पुन्हा घट्ट केली.

पाठीवर पिशवी अडकवलेला एक तरुण घाईघाईनं आला. खुंट्यांच्या ओळीच्या कडेनं चालत तिच्या सायकलीपाशी थांबला, उलटी सीट पाहिली. तिच्याकडे पाहून त्यानं मान लववली, सांगून ठेवल्याबद्दल आभार मानावेत तशी, आणि शेजारची सायकल घेऊन निघून गेला.

ती तिथंच उभी राहिली, सीटवर हात ठेवून.